जहाजांच्या परिषदेस हरकत

मोसंबीच्या बागेचे पाणी तोडले की पंधरा-वीस दिवसांत झाडांचा चेहरा बदलतो. पाने कडेने वळू लागतात, हिरवा रंग उतरतो, खालची पाने गळतात आणि चालताना पायाखाली त्यांचा चुरा वाजतो. बागाईतदार ह्याला ताण देणे म्हणतात. झाडाला पुरते घाबरवायचे आणि मग पाणी सोडायचे. घाबरलेले झाड भरभरून फुलते. बदनापूरच्या शिवारात माझी लहानशी बाग आहे. यंदाही मी पाणी तोडले आहे, आणि सकाळी त्या वाळक्या पानांतून फिरताना मला दोन वर्षांपूर्वीचा हाच हंगाम आठवतो. मागून येणारा गार वारा, दूर जालन्याच्या बाजूला भट्ट्यांचा करडा धूर, आणि माझ्या खिशात घडी घालून ठेवलेला एका पत्राचा मसुदा. त्या मसुद्यात कायद्याच्या दृष्टीने एकही चूक नव्हती. हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो.

माझी नोकरी दिवाणी न्यायालयात झाली. लेखनिक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. इतकी वर्षे लोकांनी एकमेकांविरुद्ध लिहिलेले कागद हाताळल्यावर कागदावर विश्वास आणि माणसावर संशय, अशी माझी घडण झाली असेल तर त्याबद्दल मी कोणाची क्षमा मागणार नाही. आमच्या वडिलांनी भोकरदनकडे एक जमीन हयातभर कसली; कुळाच्या रकान्यात त्यांचे नाव एक वर्ष होते, पुढच्या वर्षी नव्हते. विचारायला गेले तेव्हा रजिस्टरावर बोट ठेवून सांगण्यात आले, तुमचे नाव नाही. कोणी काढले, केव्हा काढले, ह्याचा खुलासा वडिलांना मरेपर्यंत मिळाला नाही. तेव्हापासून यादीत नावे दिसली की मी ती वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा वाचतो.

त्या हिवाळ्यात अशी एक यादी माझ्या घरात आली.

माझी मुलगी वैशाली जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि त्यासोबत संशोधन करते. तिच्या संशोधनाचा विषय ऐकून नातेवाईक हसत. जहाजे! समुद्र जिथून शेकडो मैल लांब, जिथे नदीसुद्धा वर्षातले आठ महिने वाळूच दाखवते, तिथल्या मुलीने जहाजांचा अभ्यास करायचा. परंतु जालन्यात जहाजे येतात. गुजरातच्या किनाऱ्यावर ती मोडली जातात आणि त्यांचे जाड पोलादी तुकडे ट्रकांतून आमच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचतात. मी स्वतः पाहिले आहेत. कुठे लाल रंगाचे पापुद्रे, कुठे शिंपले चिकटून गेल्याचे पांढरे गोल चट्टे, आणि उन्हात तापल्यावर त्यांना एक उग्र, खारट, मासळीबाजारासारखा वास येतो. भट्टीत जाण्याआधी वैशाली त्यांतून नमुने घेई. जहाजाच्या अंगाचा कोणता भाग खारे पाणी अधिक खाते, हे तिला मोजायचे होते.

ह्यावर तिने निबंध लिहिला आणि जहाजबांधणी व सागरी अभियांत्रिकीच्या एका आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक परिषदेने तो स्वीकारला. परिषद दक्षिणेकडील एका बंदराच्या शहरात व्हायची होती. वैशालीने ही बातमी जेवताना सांगितली. तिच्या आईने तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. मी विचारले, "परिषद नोंदणीकृत आहे काय?"

"झालं सुरू," तिची आई म्हणाली. "तुमाला उद्या देव भेटला तं त्याला बी म्हणसाल, आधी ओळखपत्र दाखव."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. संशयाला कारण होते. आंतरराष्ट्रीय ह्या शब्दाइतका स्वस्त झालेला शब्द आज दुसरा नाही. वैशालीच्या संगणकावर रोज अशा परिषदांची आमंत्रणे येत. आदरणीय थोर विद्वान, आपल्या उपस्थितीने आमचे व्यासपीठ पावन होईल. मागे ताडाची झाडे, हॉटेलचा तलाव, आणि अशा अध्यक्षांची छायाचित्रे की ज्यांच्या नावापुढे पदव्या आहेत पण पत्ता नाही. निबंध पाठविण्याची मुदत तीन-तीनदा वाढविलेली. ज्या मुदतीला कोणीही मागितल्यावाचून तीनदा वाढ मिळते ती मुदत नसून गळाला लावलेले गांडूळ आहे, हे सांगायला मला सागरी अभियंता व्हावे लागत नाही. विद्येच्या नावाने उघड उघड बाजार मांडला आहे आणि त्याविरुद्ध एकही विद्यापीठ एक साधी फिर्याद दाखल करीत नाही! ह्या विषयावर मी चार ठिकाणी पत्रे लिहिली. एकाही ठिकाणाहून पोच आली नाही.

मात्र ही परिषद खरी निघाली. समितीवरील प्रत्येक नाव मी तपासले. पत्ते होते, मागची कार्यवृत्ते होती, आणि मुदत ती मुदतच होती. दुसऱ्या एखाद्याचे समाधान झाले असते. मी अधिकच अस्वस्थ झालो. माल खरा असला तर चोरी आत झाली असणार, हा मला अनुभवाने शिकविलेला नियम आहे.

एका दुपारी वैशालीच्या टेबलावर निबंधाची छापील प्रत पडलेली दिसली. मी तिला न विचारता ती उचलली. इंग्रजी मला न्यायालयीन कामापुरते येते. नावे वाचायला तेवढे पुरते. पहिले नाव वैशालीचे. शेवटचे तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचे. आणि मधे, दोघांच्या कुशीत शिरून बसावे तसे, एक तिसरे नाव. के. टी. काळे. पदवी नाही, पद नाही, संस्था नाही.

माझ्या डोक्यात जे उभे राहिले ते मी लपवीत नाही. प्राध्यापकांनी आपला भाचा, पुतण्या किंवा मेहुणा घुसविला. माझ्या मुलीने चार उन्हाळे त्या तापलेल्या लोखंडात घालविले आणि फळाची वाटणी करायला के. टी. काळे. वडिलांचे नाव ज्या हाताने काढले तसल्याच हाताने हे नाव घातले आहे, असे मला स्पष्ट वाटले. बागेत जाऊन मी वाळक्या पानांवर फेऱ्या घातल्या आणि मसुदा मनाशी जुळविला.

पत्र साडेतीन पानांचे झाले. सदर निबंधातील दुसरा लेखक हा अज्ञात इसम असून त्याचा प्रस्तुत संशोधनाशी कोणताही संबंध आढळून येत नाही, सबब त्याची चौकशी होऊन खुलासा मिळावा. त्याची इंग्रजी प्रत मी शब्दकोश घेऊन स्वतः तयार केली. आणि मग, जन्मभराच्या सवयीने, तळाशी लिहिले: प्रत माहितीस्तव सविनय सादर. परिषदेच्या समितीला मूळ पत्र. प्राध्यापकांना प्रत. महाविद्यालयाला प्रत. विद्यापीठाला प्रत. वैशाली काम करते त्या कारखान्याच्या व्यवस्थापनालाही प्रत. तेव्हा रजिस्टर डाक स्पीड पोस्टात विलीन व्हायची होती, तिचा मान स्वतंत्र होता. पोचपावतीचे गुलाबी कागद मी दोऱ्याने बांधून ठेवले.

ज्या व्यक्तीला हे सर्व ठाऊक होते ती पलीकडच्या खोलीत बसली होती. तिला मी एका शब्दाने विचारले नाही. न्यायालयाच्या कचेरीत पक्षकाराला तोंडी विचारण्याची पद्धत नसते, असे मी पुढे समर्थन केले. ते समर्थन घराच्या बाबतीत टिकण्याजोगे नाही, हे मला तेव्हाही कळत असावे.

परिषदेचे उत्तर प्रथम आले, आणि खोटे कशाला बोला, ते वाचून मला त्या लोकांविषयी आदर वाटला. चार ओळी. हरकत प्राप्त झाली आहे. निबंधाचे वाचन तूर्त स्थगित ठेवले आहे. प्रत्येक लेखकाने नेमके कोणते काम केले ह्याचे सहीनिशी निवेदन दोन आठवड्यांत न आल्यास निबंध वगळण्यात येईल.

वैशाली संध्याकाळच्या गाडीने जालन्याहून आली. खांद्यावरची पिशवी न उतरवता ती माझ्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, के. टी. काळे म्हणजे खंडू मिस्त्री."

"कोण खंडू मिस्त्री?"

"आमच्या भंगार यार्डातले. गॅस कटरवाले. माझी प्रत्येक प्लेट त्यांनी कापून दिली. तरुणपणी ते तिकडं किनाऱ्यावर जहाजं तोडायला होते. जहाज आख्खं असताना पाहिलेला माणूस आमच्या यार्डात तेवढा एकच आहे. प्लेट कुठल्या अंगाची, पाण्याखालची का वरची, हे त्यांनी सांगितलं म्हणून माझा अभ्यास उभा राहिला. त्यांचं नाव मी घातलंय. सर नकोच म्हणत होते. दोन महिने भांडले मी त्यांच्याशी."

तिची आई दारात येऊन उभी राहिली होती.

"तुम्ही विचारलं असतं," वैशाली म्हणाली, "तर एका वाक्यात सांगितलं असतं."

"एका वाक्यात ह्यांचं भागत असतंय का," तिची आई म्हणाली, आणि त्या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

पुढचे सारे मला तुकड्यातुकड्यांनी कळले. व्यवस्थापनाकडे गेलेल्या प्रतीमुळे यार्डात मजूर पुरविणाऱ्या ठेकेदाराला बोलावणे गेले. ज्या मजुराचे नाव विद्यापीठाच्या कागदांत फिरते तो मजूर ठेकेदाराला नको होता. खंडू मिस्त्रींना फाटकावर सांगण्यात आले, चौकशी संपेपर्यंत आत यायचे नाही. आणि प्राध्यापक, ज्यांच्यावर मी भाचे-पुतणे लादले, त्यांनी फोनवर वैशालीला शांतपणे सांगितले की मार्ग सोपा आहे: मधले नाव काढा, आभारात एक ओळ टाका, प्रश्न मिटला. वैशालीने नकार दिला. नाव काढून ती व्यासपीठावर जाणार नव्हती. म्हणजे चार उन्हाळ्यांचे काम, परिषद आणि त्या माणसाची रोजची हजेरी, तिन्ही गोष्टी माझ्या निर्दोष मसुद्याखाली दबून पडल्या होत्या. आणि यादीतून एक नाव निघण्याच्या बेतात होते. ते काढणारा हात ह्या खेपेला मला ओळखता येत होता.

निबंध पुढे त्या परिषदेत वाचला गेला, हे इथेच सांगून टाकतो. शेवट राखून ठेवण्याची मला हौस नाही. वैशाली तीन दिवस तिकडे होती. तिने तिथून समुद्राचे छायाचित्र पाठविले, सभागृहाचे पाठविले नाही, म्हणून मला थोडा वेळ शंका आली. कार्यवृत्तात तिन्ही नावे आहेत. त्याचा परिणाम म्हणून हल्ली वैशालीच्या पत्त्यावर आदरणीय डॉक्टर काळे ह्यांना आमंत्रणे येतात. परवाच एका परिषदेने त्यांना सागरी अभियांत्रिकीच्या सत्राचे अध्यक्षपद देऊ केले. त्या भामट्यांना मी उत्तर लिहिले आहे. प्रत कोणालाही पाठविली नाही.

परंतु ते नाव तिथे राहिले कसे, हे सांगायचे राहते.

निवेदन लिहिणे माझ्या हातचे काम होते. वैशालीने सांगितलेल्या माहितीवरून मी खंडू मिस्त्रींचा जबाब तयार केला: कोणती प्लेट, कोणत्या जागेची, कशावरून ओळखली. एकूण बारा नमुने. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जालन्याला गेलो. औद्योगिक वसाहतीत दुपारच्या वेळी हवेला जळक्या लोखंडाची चव असते. जीभ आपोआप टाळूला लागते. यार्डाच्या फाटकासमोर लिंबाखाली एक लांब बाक होता. त्यावर डोक्याला रुमाल बांधलेला, साठीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक काळे डाग, जणू कोणी तीळ शिंपडले.

"मिस्त्री, हे माझे वडील," वैशाली म्हणाली.

"म्हाईत हाय की. पत्रवाले साहेब." ते उठले नाहीत, पण सरकून जागा दिली. "बसा साहेब. बाक ठेकेदाराचा न्हाई, सरकारी हाय."

मी बसलो. क्षमा मागण्याची वाक्ये मी गाडीत जुळवून आणली होती. ती ऐकून घेण्याआधी त्यांनी विचारले, "साहेब, मी तुमचं काय घेतल्तं?"

"काही नाही," मी म्हणालो. "माझी हरकत निराधार होती. ती मी लेखी मागे घेतो आहे, कारखान्याकडेही. आणि तुमचे नाव निबंधावर राहणे हा तुमचा हक्क आहे."

"हक्क असंल. पर ते नाव काढून टाका. ताई, खरंच काढा. तुमी जा तिकडं, वाचून या."

"कामून काढायचं?" वैशाली चिडली. "काम तुमचं न्हाई का?"

"काम माझं हाय, बिलकुल. पर नावाचं आमच्याकडं येगळं ऱ्हातंय." ते माझ्याकडे वळले. "माझा बाप मंठ्याच्या रस्त्यानं चालला व्हता. म्होरं दोन गाड्यांची टक्कर झाली. ह्यो निसता उभा. पोलिसानं पंचनाम्यावर अंगठा घेतला. मंग चार वर्सं बोलावणं येत राह्यलं. पेरणी असू दे, ताप असू दे, तारखेला जायाचं. जाऊन दिवसभर बसायचं अन् म्होरची तारीख घेऊन यायचं. मरताना म्हनला, खंड्या, कुठं बी उभा ऱ्हाय, पर नाव नको देऊ."

त्यांचे वडील चार वर्षे कोणत्या न्यायालयात जात होते, हे मी विचारले नाही. तालुक्याला दिवाणी-फौजदारी एकाच छपराखाली चाले, आणि साक्षीदारांची बोलावणी लिहिणारे हात त्या काळी जिल्ह्यात मोजके होते. माझ्या बापाला नाव नसण्याने नाडले, त्यांच्या बापाला नाव असण्याने, आणि दोघांच्या मधे टेबलामागे मी नेमाने साडेदहाला येऊन बसत होतो. हा विचार मला त्या बाकावर आला तेव्हा तो मी झटकला. आता झटकता येत नाही.

मी नियमाचा आधार घेतला. "ठीक आहे. सही करा किंवा करू नका. परंतु जबाब तुमच्या नावाने लिहिला आहे, तेव्हा तो तुम्हाला वाचून दाखविणे मला भाग आहे."

"वाचा की. बसायचंच काम हाय."

मी वाचू लागलो. नमुना एक, नमुना दोन. ते डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक प्लेटीला मान हलवीत होते, जशी एखाद्याने गावातल्या घरांची नावे घ्यावीत आणि ऐकणाऱ्याला दारे दिसावीत. नमुना सात, जहाजाच्या तळाकडील, कायम पाण्याखाली असणारा भाग.

त्यांनी डोळे उघडले. "थांबा. सात न्हाई."

"काय नाही?"

"सात नंबर खालची न्हाई. सात ही लाटंच्या पट्ट्यातली. लाट येती, भिजवती, जाती, मंग ऊन वाळवतंय. तिथलं लोखंड लवकर सडतंय. खालची ती नऊ."

वैशालीने माझ्या हातातून कागद ओढून घेतला. "मिस्त्री, नीट आठवा. सातवर तुम्ही खडूनं—"

"खडूनं मी बराबर लिवल्तं. मदी तुमचा पाऊस झाला. खडू गेला. तुमच्या लॅबमधल्या पोरानं फोन करून इचारलं, मी फोनवर सांगितलं, त्यानं रंगानं लिवलं. काय लिवलं मी कुठं बघायला आल्तो? पर सातला एका कडंला तीन शिंपल्यांचे चट्टे अन् वर निळा रंग, तिरपा तुटलेला. हाय का न्हाई?"

"आहे," वैशाली म्हणाली. ती माझ्या शेजारी बाकावर बसली. मग तिने सांगितले की साऱ्या नमुन्यांत सात आणि नऊ हे दोनच असे होते की जे तिच्या मांडणीत बसत नव्हते. पाण्याखालची प्लेट इतकी का सडली आणि लाटेतली इतकी कशी टिकली, ह्याची कारणमीमांसा करायला तिने निबंधात एक सबंध पान लिहिले होते. मार्गदर्शकांना ते पान सर्वांत आवडले होते. परीक्षकांनी त्याची विशेष प्रशंसा केली होती. आणि ते पान म्हणजे पावसात धुतलेला खडू होता.

तुमच्या पत्रामुळेच ही चूक सापडली, असे पुढे काहींनी मला सांगितले. ते श्रेय मी घेत नाही. चोराने दार फोडले म्हणून घरातली वाळवी दिसली, ह्याबद्दल चोराचा सत्कार करीत नाहीत.

"हे मिस्त्रींनी सांगितलं, असं लिहावं लागेल," अखेर वैशाली म्हणाली. "दुरुस्ती कोणी केली ते समिती विचारेल. नाव न घालता मी ही दुरुस्ती माझी म्हणून सांगू का, मिस्त्री?"

मिस्त्री हसले. "तुमची कशी म्हनता? तुमी तं पान भरून उलटं लिवलंय."

ती चिडायच्या ऐवजी हसली, आणि माझ्या ध्यानात आले की ही दोघे असे बोलत बसण्यात किती दुपारी काढीत आली असतील. त्या दुपारींपैकी एकीचीही माझ्याकडे नोंद नव्हती.

फाटकातून रिकामा ट्रक बाहेर पडला. मिस्त्री रुमाल सोडून पुन्हा बांधू लागले.

"चुकीचं माझ्या नावावर जायला नको," ते म्हणाले. "अन् बराबर असलं तं दुसऱ्याच्या नावावर बी नको. ऱ्हाऊ द्या नाव. पर साहेब, एक बात हाय. बोलावणं आलं, कुठून बी येऊ दे, तं तुमी संगं यायचं. मी एकटा जायाचा न्हाई."

"येईन," असे म्हणण्याआधीच माझा हात खिशाकडे गेला. "तसे मी तुम्हाला लेखी देतो. तारखेनिशी, सही करून."

"लेखी नका देऊ. लेखी लई झालं, साहेब. तोंडानं सांगा."

वैशाली मुद्दाम रस्त्याकडे पाहत होती. सहीवाचून, साक्षीदारावाचून, प्रतीवाचून दिलेल्या शब्दाला कायद्यात काय किंमत आहे, हे त्या बाकावर बसलेल्यांत मलाच सर्वांत चांगले ठाऊक होते.

"येईन," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिले, जसे प्लेटीकडे पाहत असतील तसे.

"मंग लिवा. सात नंबर, लाटंच्या पट्ट्यातली. नऊ नंबर खालची. अन् खाली लिवा, खंडू तुकाराम काळे, गॅस कटर. नुसतं के. टी. नका लिवू, लोकांला शक येतो."